ऐंशी आणि वीस

आमच्या नववीच्या वर्गात दोन जमाती आहेत: एक जिभेची, एक बोटांची. जिभेवाल्या एका गड्याने बैलपोळ्याचं वर्णन सुरू केलं की वर्गात घुंगरं वाजतात. वहीत मात्र त्याचा निबंध असा: ‘बैलपोळा हा महत्त्वाचा सण आहे. तो मला आवडतो.’ संपलं. खिडकीजवळची मुलगी पावसावर दोन पानं लिहिते, आणि तोंडी परीक्षेला उभी केली की वेणीचं टोक पिळत नुसतं ‘हो सर’ म्हणते.

दहावीला भाषेच्या शंभरांत लेखी ऐंशी आणि तोंडी वीस. म्हणजे बोटांची जमात जन्मतःच साठ गुणांनी पुढे. 2019ला तर तेही वीस काढून घेतले होते. निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10वर उतरला आणि जिभेला मुकाट्याने परत बोलावलं गेलं.

ज्यांची अडचण खरोखर खोल आहे त्यांच्यासाठी 2016चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात अध्ययन अक्षमता आहे, वाचादोषही आहे. बोर्ड जादा वेळ देतं, लेखनिकही देतं. फक्त प्रमाणपत्र हवं. त्यासाठी अर्ज हवा, आणि अर्ज लेखी हवा!

वर्गात खरी कसोटी अडखळत बोलणाऱ्या मुलापुढे लागते. त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नसतं, थांबायचं असतं. मास्तरला हे फार जड. आमचा धंदाच उलटा: ‘पृथ्वी सूर्याभोवती...’ एवढं म्हणून आम्ही थांबायचं आणि ‘फिरतेऽऽ’ वर्गाने म्हणायचं. इथे थांबायचं ते कुठलाही शब्द पुढे न सरकवता, आणि पहिल्या बाकावरच्या हुशारांनाही डोळ्यांनी दाबून. पण थांबलं की तो बोलतो, आणि बरंच बोलतो.

जिभेवाला आणि खिडकीवाली या दोघांना मी एका बाकावर बसवलं. त्याने सांगायचं, तिने लिहायचं. त्याने उसातला बिबट्या सांगितला: डरकाळी, विजेरीच्या उजेडात चमकणारे डोळे, आजोबांची काठी. तिने लिहिलं, ‘रात्री उसात काहीतरी हललं.’ तो तणतणत माझ्याकडे आला आणि तक्रार अर्थातच तोंडी केली, अभिनयासह. मी तिच्याकडे पाहिलं. तिने चिठ्ठी पुढे केली: ‘सर, बिबट्या नव्हता. आमचं कुत्रं होतं.’

या चिठ्ठीला तोंडीचे गुण देता येतील का, ते परिपत्रकात शोधतो आहे.