तिसऱ्या भागापासून खरी मजा आहे

'सध्या काय वाचतोयस?' असं हा विचारतो तेव्हा उत्तराची जुळवाजुळव करत बसू नये. प्रश्न आपल्यासाठी नसतोच. आपण 'हे आपलं, असंच…' म्हणेपर्यंत त्याने श्वास भरून घेतलेला असतो, आणि मुंब्रा यायच्या आत आपण तीन सूर्यांच्या कुठल्याशा ग्रहावर जाऊन पडलेले असतो.

हा प्रत्येक ऑफिसात एक तरी असतो. वय पस्तीस ते पंचेचाळीस, नोकरी बँकेत नाहीतर कॉम्प्युटरसमोर, पाठीला सॅक. सॅकमध्ये डबा, छत्री आणि हजारेक पानांचा एक ठोकळा. काय वाचतोय हे सांगताना तो पुस्तकाचं नाव शेवटी घेतो, आधी आकडा सांगतो. 'तिसरा भाग चाललाय.' किती भागांपैकी, हे विचारायचं नसतं. कधी दहा, कधी चौदा, 'आणि शिवाय एक आधीच्या काळातला, पण तो नंतरच वाचायचा.' आपण चुकून रस दाखवला तर सूचना ठरलेल्या: पहिला भाग जरा रेटून काढ, दुसऱ्यात नकाशा समजेल, तिसऱ्या भागापासून खरी मजा आहे. आमच्या लोकलच्या डब्यात त्याला 'तिसरा भाग' असंच नाव पडलं आहे. 'आज तिसरा भाग दिसला नाही,' असं कोणी म्हणालं तर नवा माणूस बावचळतो.

एका वेळी एकच पुस्तक वाचणं त्याला कमीपणाचं वाटतं. गाडीत उभ्याने वाचायचं कागदी, झोपताना वाचायचं किंडलवरचं आणि भाजी निवडताना कानात घालून ऐकायचं तिसरंच. त्यामुळे मेथीची जुडी संपता संपता एखादं साम्राज्य कोसळतं. गवार मोडता मोडता तो एकदम थबकतो आणि भिंतीकडे बघत राहतो. बायको पोळी लाटता लाटता विचारते, 'कोण गेलं?'

ती बाई खरी धन्य. पुस्तक तिने उघडलेलं नाही, पण त्यातली माणसं तिला नात्यागोत्याने माहीत आहेत. तो दत्तक गेलेला, ती काकाने गादी बळकावलेली, तो हात तुटलेला. चौकशीही त्याच सुरात: 'त्या पोरीला मिळालं का राज्य? नाही ना? मला वाटलंच होतं, तिला सल्ला देणारं शहाणं माणूसच नाही जवळ.'

घरात हे खपून जातं. पंचाईत होते ती चारचौघांत. ठाण्याच्या एका कार्यालयात लग्नाच्या पंगतीला तो माझ्या शेजारी बसला होता आणि त्याच्या पलीकडे मुलीकडचे एक काका. काकांनी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, 'काय, नोकरी सांभाळून आणखी काय करता?'

'वाचतो. ड्यून परत घेतलंय, काका.'

'काय आहे त्यात?'

'एक वाळवंटी ग्रह आहे. मसाला फक्त तिथेच मिळतो, आणि अख्ख्या विश्वाचा कारभार त्या मसाल्यावर चालतो. ज्याच्या हातात मसाला, त्याची सत्ता.'

काकांची हयात घाऊक मसाल्याच्या धंद्यात गेलेली, आधी मशीद बंदर आणि मग वाशी. ते सरसावून बसले. 'हे बरोबर लिहिलंय. माल साठवतात कुठे?'

'तो वाळूतूनच काढतात. पण वाळूत अळ्या असतात. अवाढव्य. चारचारशे मीटर लांब.'

'अळी पडली म्हणजे माल गेला,' काका म्हणाले. 'ऊन दाखवलं नसणार वेळेवर.'

'नाही काका, ऊन भरपूर आहे. उलट ती अळी आहे म्हणून तर मसाला तयार होतो.'

काकांनी हातातला मसालेभाताचा घास पानात परत ठेवला.

एवढ्यावर थांबला असता तर तो तिसरा भाग कसला? जिलबी वाढायला आली तशी त्याला लग्नाची आठवण झाली. 'काका, आणखी एका मालिकेत, तिसऱ्या भागात, असंच एक लग्न आहे.' मी त्याला कोपराने ढोसलं. त्याला वाटलं, मी गोष्ट फोडू नकोस म्हणतोय. 'नाही, पुढचं सांगत नाही, तुमची मजा जाईल. एवढंच सांगतो, वाजंत्रीवाल्यांनी गाणं बदललं की पाहुण्यांनी दाराकडे बघावं. आणि यजमान कितीही आग्रह करोत, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.' काका स्वतः यजमानांपैकी. नेमकी त्याच वेळी सनईची टेप संपून दुसरी लागली. काकांनी मान वळवून दाराकडे पाहिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

लेखकांचा उल्लेख तो पहिल्या नावाने करतो. ते लग्न लिहिणारा जॉर्ज, म्हणजे जॉर्ज आर. आर. मार्टिन. ह्या जॉर्जच्या मालिकेचा पाचवा भाग 2011 साली आला, त्यानंतर सहावा यायचाच आहे. मधल्या मध्ये त्यावरची टीव्ही मालिका 2019 साली आटोपलीसुद्धा. जॉर्जची पंचाहत्तरी उलटली आहे, त्यामुळे आमचा मित्र त्याच्या प्रकृतीला जपतो. 'ह्या वयात इतका प्रवास करू नये माणसाने,' असं तो कळवळून म्हणतो आणि स्वतःची रक्तदाबाची गोळी घ्यायला विसरतो. ह्या काळजीला इतिहास आहे. रॉबर्ट जॉर्डन 2007 साली गेला तेव्हा त्याची मालिका अपुरीच राहिली होती. मागे ठेवलेल्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने शेवटचे तीन खंड पुरे केले आणि 2013 साली चौदावा खंड बाहेर आला. तेव्हापासून ब्रँडनबद्दल त्याच्या मनात, घरचं कर्ज फेडणाऱ्या धाकट्या भावाबद्दल असावा, तसा आदर आहे. 2022 साली ब्रँडनने जाहीर केलं की महामारीच्या काळात आपण गुपचूप जादा कादंबऱ्या लिहून ठेवल्या आहेत. वाचकांनी त्यासाठी आगाऊ चार कोटी डॉलरांहून जास्त रक्कम जमा केली. 'आणि आपण त्या काळात काय केलं?' तो डब्यात सगळ्यांना विचारतो. 'कुकरमध्ये केक.'

दोन तिसरे भाग समोरासमोर आले तर मात्र बघत राहावं. दोघांनी एखादी मालिका नुसती डोळ्यांनी वाचलेली असते, कानांनी ऐकलेली नसते. एकाच राजकन्येचं नाव दोघे दोन तऱ्हेने घेतात आणि बराच वेळ दोन वेगळ्या राजकन्यांबद्दल हिरिरीने भांडतात. शेवटी एकजण पासाच्या मागे स्पेलिंग लिहून दाखवतो आणि समेट होतो. ह्यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. हर्मायनीला 'हर्मिओन' म्हणत लहानाचे मोठे झालेले किती जण आपल्यात आहेत! चौथ्या पुस्तकात रोलिंगबाईंनी खुद्द तिच्याच तोंडून उच्चार शिकवला म्हणून, नाहीतर अजून तेच चाललं असतं.

सुरुवात कशापासून झाली, असं त्याला विचारलं की तो टोल्कीनचं नाव सांगतो. ते खोटं आहे. सुरुवात नारायण धारपांपासून झाली. लायब्ररीतलं, खाकी कव्हर घातलेलं, मधली चार पानं सुटी झालेलं 'लुचाई' त्याने आठवीत असताना पांघरुणात वाचलं आणि पुढे कित्येक रात्री भावाला उठवल्याशिवाय तो मोरीकडे गेला नाही. मोठेपणी स्टीफन किंगचं 'सालेम्स लॉट' हातात आलं तेव्हा प्रत्येक वळणावर त्याला वाटायला लागलं की ह्या गावात आपण येऊन गेलोय. धारपांनी ते बीज तिथूनच उचललं होतं. ह्यावर आजचा एखादा वाचक नाक मुरडेल. हा मुरडत नाही. 'किंग मला आधी मराठीत भेटला, आणि जास्त घाबरवून गेला,' असं तो म्हणतो, आणि इथे मी त्याच्या बाजूचा आहे.

नारळीकरांचा किस्सा तर तो परीक्षक मंडळात स्वतः बसल्यासारखा सांगतो. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 सालच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप ह्या नावाने आली आणि पहिली ठरली. लेखक जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाचं दडपण नको म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवली होती. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी ऐकलेली असते, तरी आद्याक्षरं उलटी करायची जागा आली की तो थांबतो आणि कोणीतरी बोटांवर ज, वि, ना करून बघेपर्यंत पुढे जात नाही.

पुस्तक देण्यात त्याचा हात सढळ आहे, पण देतो फक्त पहिला भाग. दुसऱ्याच दिवशी मेसेज सुरू. 'कुठवर आलास?' 'नदी ओलांडली का?' 'त्या म्हाताऱ्यावर लक्ष ठेव.' आता म्हाताऱ्यावर लक्ष ठेवायचं म्हटल्यावर वाचणार काय कपाळ? पुस्तक न वाचता परत करायची सोय नाही, कारण तो तोंडी परीक्षा घेतो. माझ्याकडचा पहिला भाग अजून कपाटावर आहे. मी नदीच्या अलीकडे आहे.

वाचक मिळवण्याच्या ह्या सगळ्या खटपटीत एक वाचक त्याला न कळत मिळून गेला. गुडघा दुखावल्यामुळे बायको महिनाभर घरी होती. टीव्हीचा रिमोट सासूबाईंकडे. तिने सहज म्हणून कपाटातला पहिला भाग उघडला. आपल्याच माणसांची सुखदुःखं, त्यामुळे रेटायची गरज पडली नाही. हा ऑफिसला गेला की ती वाचायची आणि तो यायच्या वेळी पुस्तक जागच्या जागी. परवा जेवायला त्यांच्याकडे होतो. आमटीचा भुरका मारून त्याने त्या हात तुटलेल्याचं कौतुक सुरू केलं. किती सुधारलाय, तिसऱ्या भागात कसा बदललाय, शेवटी राज्य तोच सांभाळणार बघ.

'तो पाचव्यात मरतो,' ती म्हणाली. 'भात वाढू?'