एकराचे जीवामृत, गच्चीची भेंडी
माघ सरता सरता पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर उन्हाळी लागवडीची, म्हणजे भेंडी, गवार, काकडी यांच्या पेरणीची, जी सिद्धता सुरू होते, तिच्यात भाजीपेक्षा अनुभवकथनाचे पीक नेहमीच अधिक येते. जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात आंबवून केलेले द्रावण, नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीत एकरी 200 लिटर लागते. ते चार कुंड्यांसाठी पिंपभर ढवळणाऱ्या गृहस्थाचा त्रैराशिकाशी संबंध शाळेबरोबरच सुटलेला असतो, आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी वासापायी. पिठ्या ढेकूण, हा कापसासारखा दिसणारा रसशोषक कीटक, मात्र कोणाचाही अनुभव न ऐकता जास्वंदीवरून भेंडीवर जातो. त्यावर निंबोळी अर्क सुचवण्यात ज्यांची भेंडी आधीच वाळली आहे, तेच अधिक आग्रही (आणि अधिक सविस्तर) असतात.