सोसायटीवरची गाणी

रविवारी दुपारी मोठ्यानं गाणी लावायची नाहीत, असा आमच्या सोसायटीचा ठराव आहे. त्यामुळे अमेरिकी गायिका माल्विना रेनॉल्ड्सबाईंना मी आवाज बारीक करून ऐकतो. ‘इअर टू द ग्राउंड’ हा त्यांच्या गाण्यांचा संग्रह स्मिथसोनियन फोकवेजनं 2000 साली काढला. बाई 1978 मध्येच गेल्या होत्या. शेवटच्या अठरा वर्षांत त्यांनी समाजाला जे जे सुनावलं, त्यातलं हे निवडक.

“काय चाललंय?” बायकोनं विचारलं.

“सोसायटीवर टीका आहे.”

“मग खिडकी लावून घे. सेक्रेटरी खालीच उभे आहेत.”

बाई सॅन फ्रान्सिस्कोच्या, जन्म 1900 चा. आईवडील समाजवादी, पहिल्या महायुद्धाच्या विरोधातले. त्यापायी शाळेनं पोरीचं प्रमाणपत्र अडवलं. पुढे बाईंनी बर्कलेहून इंग्रजीत डॉक्टरेट मिळवली, पण प्राध्यापकी कुणी दिली नाही. नवरा सुतारकाम करायचा. गाणी लिहायला लागल्या त्या चाळिशी उलटल्यावर. गळा तयार वगैरे अजिबात नाही. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून “जरा बोलायचं होतं” म्हणतात ना, तसा आवाज. आणि काकू तो चढवत नाहीत, म्हणून जास्त धडकी भरते.

‘लिटल बॉक्सेस’ 1962 चं. नवऱ्याबरोबर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डेली सिटीवरून जाताना बाईंना टेकडीवर ओळीनं एकसारखी घरं दिसली. त्यांनी स्टिअरिंग नवऱ्याच्या हाती दिलं आणि गाणं लिहायला घेतलं. पुढच्या वर्षी ते लोकगायक पीट सीगरनं गायलं आणि जगभर पोचलं. घरं म्हणजे खोकी, आणि आतली माणसंही एकाच साच्यातून काढलेली, असा एकूण आहेर.

याबाबत साक्ष द्यायला मी केव्हाही तयार आहे. गेल्या पावसाळ्यात वीज गेलेली असताना चार मजले चढून मी दाराशी आलो. किल्ली फिरेना. जोर लावला, खांदा लावला, कुलूपवाल्याचा उद्धार केला. दार आतून उघडलं. तोच चपलांचा स्टँड, चौकटीवर तोच गणपती, आतून तीच लसणाची फोडणी. फक्त बाई वेगळी होती.

“तुम्ही बी विंगचे ना?” त्या शांतपणे म्हणाल्या. “आमचे हे परवा तुमच्याकडेच आले होते.”

तरी इथंच माझं रेनॉल्ड्सबाईंशी जरा वाजतं. माझे वडील चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत वाढले. पुढे वन बीएचकेचा ताबा मिळाला, त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या संडासाची कडी तीनदा लावून-काढून पाहिली. शेजाऱ्यापेक्षा वेगळं घर त्यांना नकोच होतं. घर हवं होतं. डेली सिटीची खोकीही दुसऱ्या महायुद्धानंतर साध्या नोकरदारांसाठीच बांधलेली. आज त्यातलं एकेक दहा लाख डॉलरच्या वर जातं म्हणे. मुलांनी आता त्या खोक्याची स्वप्नं पाहायची.

‘लिटल बॉक्सेस’च्याच सुमारास बाईंनी पावसावर एक गाणं लिहिलं. ते अणुचाचण्यांवर आहे, पण त्यात बाँब हा शब्दच येत नाही. बारीक पाऊस पडतो, गवत असतं, एक मुलगा उभा असतो. मग गवत नसतं, मुलगाही नसतो. ते लागलं की मी आवाज थोडा वाढवतो. सेक्रेटरींनी काय ती नोटीस काढावी.

माझं लाडकं मात्र न्यूयॉर्कमधल्या गळक्या नळांचं. शहराचे तलाव आटत चाललेत, आणि घरमालक वॉशर बदलायला तयार नाही. तक्रार फक्त एवढीच. काळाच्या ओघात गाणं जुनं व्हायला हवं होतं. पण परवा ते संपलं तरी ठेका चालूच राहिला, म्हणून उठून पाहिलं तर आमच्या मोरीतला नळ.

वॉशर आणून ठेवलाय. प्लंबर उद्या येतो म्हणालाय. मागच्या मंगळवारीही तो हेच म्हणाला होता.