आवाज पाहिजे का वॅट?

नागपूरच्या सीताबर्डीत सुटे भाग विकणाऱ्या दुकानात प्रस्तुत लेखक शिरला की पहिलं वाक्य ठरलेलं: “इम्पीडन्स मॅच करायचा आहे.” ‘स्पीकर जोडायचा आहे’ असं साधं तो बोलत नाही. इम्पीडन्स म्हटलं की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघतं, आणि त्या बघण्यासाठीच तर हा छंद. काउंटरमागचा माणूस मात्र मान वर न करता विचारतो, “भाऊ, आवाज पाहिजे का वॅट पाहिजे?”

लेखकाला अर्थातच वॅट पाहिजेत. आवाज ऐकावा लागतो; वॅट नुसते सांगितले तरी भागतं.

घरी अ‍ॅम्प्लिफायर जुळवणाऱ्या कित्येकांचा हात ‘४४४०’ या आयसीवर बसला. सान्यो कंपनीची ही आयसी बारा व्होल्टच्या आसपास चालते, चार ओमच्या स्पीकरवर दर चॅनेलला सुमारे ६ वॅट देते आणि दोन्ही चॅनेल ब्रिज केले तर १९. पाहुण्यांना एकोणीस सांगणं लेखकाच्या जिवावर येतं. म्हणून तो पीएमपीओ, म्हणजे डब्यावर छापायचे फुगवलेले वॅट, सांगतो. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य रीत नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी सोय. मुठीएवढ्या प्लॅस्टिकच्या डब्यावर शेकड्यांनी वॅट छापलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना जास्त सांगायला नको.

राहता राहिलं मॅचिंग. खरं म्हणजे ट्रान्झिस्टरच्या किंवा आयसीच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर ‘मॅच’ करायचाच नसतो. अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुटचा स्वतःचा रोध ओमच्या किरकोळ अंशाइतका असतो. स्पीकर त्याच्या बरोबरीचा लावला, तर निम्मी शक्ती आतल्या आत जळेल. अ‍ॅम्प्लिफायर हा पंगतीतला वाढपी आहे आणि चार ओमचा पाहुणा आठवाल्याच्या दुप्पट जेवतो. वाढप्याला झेपेल एवढेच पाहुणे बसवायचे, शास्त्र संपलं. त्यातून आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा हीट सिंकने उष्णता सोडायची तरी कुठे? आयसी तापते, तिच्यातलं संरक्षण आवाज बंद करतं, थंड झाली की गाणं पुढे सुरू. या मध्यंतरांना लेखक ‘थर्मल मॅनेजमेंट’ म्हणतो.

जुळणी खरोखर लागायची ती व्हॉल्व्हच्या रेडिओत. व्हॉल्व्हला समोर हजारो ओमचा भार हवा, स्पीकर जेमतेम आठ ओमचा. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवल्याशिवाय दोघांचं जमत नसे. पाच हजार ओमला आठ जुळवायचे तर वेढ्यांचं प्रमाण पंचविसाला एक. रेडिओ घेणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसे. तो बटण फिरवी आणि गाणं लागे.

आणि जुळणीचा थाट पाहायचा तर नागपूरच्या दहा लाख वॅटचा! हा विषय निघाला की लेखकाला आवरणं घरच्यांना जमलेलं नाही. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ चं. पण १८ मे १९८८ ला राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, ती नागपूरच्या १५६६ किलोहर्ट्झच्या महाकाय ट्रान्समीटरच्या भरवशावर. एक हजार किलोवॅट! गाव देशाच्या मधोमध, प्रसारण रात्रीचं, आणि रात्री मध्यमलहरी आयनोस्फिअरवरून परतून शेकडो मैल जातात. तिथे ट्रान्समीटर आणि मनोरा यांची जुळणी बिघडली, तर शक्ती आकाशात जायच्या ऐवजी उलट्या पावली घरी येते, आणि दहा लाख वॅटनं घरी येणं परवडत नाही. पीएमपीओची गरज नसलेलं नागपुरातलं हे एकमेव यंत्र, असं लेखकाचं मत आहे. २०१८ च्या अखेरीस ती वाहिनी बंद करायचं ठरलं.

लेखकाचे वडील कोराडीच्या वीजकेंद्रात पाळ्यांची नोकरी करत. रात्रपाळ्यांनी मोडलेली झोप सुट्टीच्या रात्रीही येत नसे. मग उशाशी ट्रान्झिस्टर आणि त्यावर राष्ट्रीय वाहिनी, बाजूच्या खाटेवरच्या माणसालाही कळू नये इतकी हळू. त्या सेटचा स्पीकर किती ओमचा होता, हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नाही. दहा लाख वॅट त्यांनी पाव वॅटात ऐकले.

हेच वडील रात्रपाळी करून दुपारी झोपत तेव्हा गल्लीतून मिरवणुका जात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले: रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. रात्रीचं निदान घड्याळ बघून तरी पाळतात. दिवसाचे पंचावन्न कोण मोजतो? दिवसा झोपणारा माणूस शहरात असतो, हेच कुणाच्या गावी नाही. यावर लेखकाला विनोद करता येत नाही.

बरं, एवढे वॅट वाढवून मिळतं काय? आठऐवजी चार ओम लावून शक्ती दुप्पट झाली, तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला ‘दुप्पट’ वाटायला सुमारे दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. बॉक्सवर बॉक्स रचून भिंत उभी करणाऱ्या पोरांना हे सांगून पाहा. “काका, तुम्ही बाजूले व्हा,” हे उत्तर लेखकाला तोंडपाठ आहे.

तेव्हा घरी जोडणाऱ्यांसाठी एवढंच. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर किमान ओम छापलेले असतात, ते वाचा. चार लिहिलं असेल, तर आठचे दोन स्पीकर समांतर जोडा, चार होतील, चालेल. चारचे दोन समांतर जोडले तर दोन होतात, ते नको. एकापुढे एक जोडा, आठ होतील. आणि आठ ओमच्या स्पीकरला मल्टीमीटरने सहा दाखवले, तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा डीसी रोध मोजतो. स्पीकर आठचाच आहे.