भावी शतायुषी

चौकातल्या फ्लेक्सवर ‘भावी नगरसेवक’ म्हणून जे हात जोडून उभे असतात, त्यांतले बहुतेक भावीच राहतात. पण त्यांचा निकाल निदान पाच वर्षांत लागतो. आमच्या सोसायटीतले काका ज्या जागेसाठी इच्छुक आहेत, तिचा निकाल लागायला अजून एकतीस वर्षं आहेत. काकांचं वय एकोणसत्तर आणि त्यांना शंभर गाठायचे आहेत. प्रचार मात्र आत्तापासून दारोदार चालू आहे.

काका बँकेतून निवृत्त झाले. असे भावी शतायुषी बहुधा बँकेतून, विमा कंपनीतून नाहीतर पाटबंधारे खात्याच्या कचेरीतून निघतात. जन्मभर गवंडीकाम केलेल्या माणसाला हे खूळ लागलेलं मी पाहिलेलं नाही. बँकेतला माणूस आयुष्याकडेही मुदत ठेव म्हणूनच बघतो: रक्कम कमीत कमी, व्याज जास्तीत जास्त, आणि मुदतीआधी मोडायची नाही. “व्यायाम काय, सगळेच करतात हो. किती मिनिटांत किती वर्षं पदरात पडतात ते बघा,” असं ते मला नेहमी समजावतात, लिफ्टची वाट बघता बघता.

सध्या त्यांच्याकडे तबाता चालू आहे. इझुमी तबाता हे जपानी संशोधक. तिथल्या स्पीड स्केटिंगच्या चमूचा सराव बघून त्यांनी प्रयोग केले आणि १९९६ साली ते प्रसिद्ध केले. वीस सेकंद जिवाच्या आकांताने व्यायाम, दहा सेकंद विश्रांती, असं सात-आठ वेळा. चार मिनिटांत खेळ खलास. प्रयोगातली पोरं तरणीताठी होती आणि जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर पार गळून जाईपर्यंत पायडल मारत होती. काकांनी यातली फक्त ‘चार मिनिटं’ उचलली. सकाळी साडेसहाला हॉलमधलं टीपॉय सरकवलं जातं. सतरंजी अंथरली जाते. मोबाइल उभा राहीना म्हणून तो दासबोधाला टेकवला जातो. पंखा तीनवर की पाचवर यावर काकूंशी चर्चा होते. मग कधीतरी सव्वासातला ती चार मिनिटं उगवतात. नंतर अर्धा तास काका सतरंजीवरच आडवे, आणि त्यानंतर तीन मित्रांना फोन. “वेळ किती वाचतो म्हणून सांगू!” वाचलेल्या वेळात ते स्कूटरवरून बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात. बँक पुढच्या चौकात आहे.

आहाराच्या बाबतीत काकांचा इतिहास पक्षांतराचा आहे. २०१८च्या सुमारास महाराष्ट्राचे दोन तट पडले होते. दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरका, हे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणत, थोडं थोडं, दर दोनेक तासांनी खा, आणि भाताला, तुपाला भिऊ नका. काका पहिल्या तटात होते. त्याच दिवसांत एका लग्नात ते पंगतीला माझ्या शेजारी बसले. वरणभाताचा पहिला घास घेतला आणि घड्याळ लावलं. वाढपी कमी, पंगत मोठी, त्यात मध्येच उखाणे सुरू झाले. गुलाबजाम आमच्या रांगेत पोचले तेव्हा छप्पन्नावं मिनिट लागलं होतं. काकांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. वाढप्याने जन्मभर असे हात पाहिलेले. त्याला हा आग्रहाचा पवित्रा वाटला आणि त्याने बोटांच्या फटीतून दोन सोडले. काकांनी पाकात बुडालेल्या बोटांकडे क्षणभर पाहिलं आणि त्याच संध्याकाळी ते तुपासकट दुसऱ्या पक्षात गेले.

तोवर आमच्याकडची बारीक माणसं निश्चिंत होती. दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा चाळीस वर्षं एकाच मापाचा शर्ट घालतात आणि त्या बळावर श्रीखंडाची वाटी पुन्हा पुढे करतात. काकांनी त्यांना जिन्यात गाठून याज्ञिकांची गोष्ट सांगितली. आमच्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. म्हणजे भारतीय माणूस काटक दिसला तरी आतून लोणी असू शकतो. शास्त्र पक्कं आहे आणि उपयोगाचंही. आपल्याकडे पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत असावी असं डॉक्टर सांगतात, ते उगाच नाही. पण काका ते ज्या आनंदाने सांगत होते, तो आनंद शास्त्रीय नव्हता. पुढे खिशातून शिंप्याची टेप निघाली. अण्णांनी दोन आठवडे श्रीखंड सोडलं आणि काकांशी बोलणं कायमचं.

रात्रीचे अकरा चाळीस झाले की आमच्या डोक्यावर पावलं वाजू लागतात. दहा हजारांना सातशे कमी पडलेली असतात. हा दहा हजारांचा आकडा साठच्या दशकात एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं तेव्हापासून चालत आला आहे. तो कुठल्या वैद्यकाने आधी मोजूनमापून ठरवलेला नाही. हे मी काकांना झोपेच्या आशेने सांगून पाहिलं. ते अजिबात विचलित झाले नाहीत. “बँकेतही टार्गेट वरून कुठूनतरीच यायचं. आम्ही कधी विचारलं का, कोणी ठरवलं?”

काकांकडे एक वही आहे. तिच्यात थोरामोठ्यांची नावं आणि त्यांपुढे वयं. पहिलं नाव महर्षी धोंडो केशव कर्वे, १८५८ ते १९६२, एकशे चार. कर्वे हिंगण्याच्या आश्रमातून फर्ग्युसन कॉलेजपर्यंत गणित शिकवायला पायी जात-येत, याची नोंद मैलांसकट आहे. आश्रम कोणासाठी होता, ते वहीत नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घरोघर पोचवले, संस्थानातल्या शाळांत मुलांकडून घालून घेतले, स्वतः जन्मभर घातले. त्यांच्यापुढे ‘१८६८–१९५१, ८२’ आणि कंसात ‘परतावा बेताचा’. जेरी मॉरिस हे ब्रिटिश डॉक्टर मात्र काकांचे लाडके. त्यांनी १९५३ साली दाखवून दिलं की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. व्यायाम आणि हृदय यांची सांगड आकडेवारीने घालणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासांतला हा एक. तेव्हापासून, म्हणजे काकांनी हे वाचलं तेव्हापासून, बसमध्ये चढले की ते ड्रायव्हरकडे दुखवट्याच्या नजरेने बघतात. मॉरिससाहेब २००९ साली गेले तेव्हा नव्याण्णव पूर्ण होते, शंभराला सहा-सात महिने कमी. ही विकेट काकांना फार लागली आहे. “नव्वदीत जपून खेळायला हवं होतं,” ते हळहळतात.

यातला कंडक्टर जिना चढायचा तो तिकिटं फाडायला. कर्वे चालायचे ते तास घ्यायला. वर्षं त्यांच्याकडे न मागता आली. काकांना तिकिटं नकोत, तास नकोत, नुसती वर्षं सोलून हवी आहेत. पुढच्या एकतीस वर्षांत काय करायचं ठरवलंय, असं मी एकदा विचारलं. “फिट राहायचं,” ते म्हणाले.

कोजागरीला त्यांनी गच्चीवर परीक्षा ठेवली. ब्राझीलचे डॉ. क्लॉडिओ अराउजो यांची ही चाचणी. त्यांचा अभ्यास २०१२ सालचा. जमिनीवर बसायचं आणि उठायचं, एवढंच. एकूण गुण दहा. हात, गुडघा, जे काही टेकवाल त्याचा एक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. ज्यांना कमी गुण मिळाले त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. ही माहिती काकांनी मसाला दुधाच्या आधी दिल्यामुळे वातावरण जरा गढूळ झालं. स्वतः काका बसले झोकात. उठताना एक हात, एक गुडघा, परत हात, शेवटी पाण्याची टाकी. टाकीचा गुण वजा करायचा की नाही यावर वाद झाला. भजनी मंडळातल्या बायकांनी आठ-नऊपर्यंत मजल मारली. तेवढ्यात पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आल्या. दुधाच्या पेल्यांचा ट्रे दोन्ही हातांत घेऊन त्या मांडी घालून बसल्या, सगळ्यांना पेले दिले आणि रिकामा ट्रे तसाच दोन्ही हातांत धरून सरळ उभ्या राहिल्या. गच्चीवर टाळ्या पडल्या. मावशींना वाटलं दूध छान झालंय. काकांनी वही मिटली. “यांचा नमुना ग्राह्य नाही,” ते म्हणाले. “या रोजच करतात.”

शंभरीची तयारी करणाऱ्या या माणसाला दर नोव्हेंबरात मात्र आपण आत्ता जिवंत आहोत, एवढंच सिद्ध करायला बँकेत जावं लागतं. हयातीचा दाखला. या वेळी मीही बरोबर होतो. पेन्शनचा विभाग वरच्या मजल्यावर. काकांनी घड्याळाचं बटण दाबलं, मॉरिससाहेबांचं नाव घेतलं आणि दोन-दोन पायऱ्या घेत वर गेले. मी सावकाश पोचलो तोवर ते खिडकीचा गज धरून उभे होते. तोंडातून शब्द फुटत नव्हता. हाताने ते मला फक्त घड्याळातला आकडा दाखवत होते. पलीकडच्या मुलीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि अंगठ्याचं यंत्र लगबगीने पुढे सरकवलं. “काका, तुमचं आधी करून घेऊ या का? पटकन?” समोर रांगेत पंधरा-वीस पेन्शनर होते, सगळे पुण्याचे. एकानेही हरकत घेतली नाही.