फवारणीची शाळा

फ्रीड्रिक्सहाफेन, बोडेनसे सरोवराकाठी

ति. बाबा आणि आई यांस,


बाबा, तुम्ही फोनवर विचारत होतात की आमचे घरमालक आजोबा डबा घेऊन जातात कुठे. शाळेत जातात. उभा जन्म सफरचंदाच्या बागेत गेलेला माणूस, आणि फवारा कसा मारावा हे नातवाच्या वयाच्या मास्तराकडून ऐकून घेतो. करतात काय! जर्मनीत धंद्यासाठी औषध फवारायचं तर सरकारी प्रमाणपत्र लागतं आणि दर तीन वर्षांत एकदा उजळणीचा वर्ग. प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय दुकानदार औषध देत नाही. ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राचीही तपासणी होते. नोझल ठिबकत नाही ना ते बघतात आणि पीयूसीसारखं स्टिकर लावतात. शिवाय कुठल्या तुकड्यावर, कधी, काय, किती मारलं, त्याची नोंद. ती नोंद तीन वर्षं जपायची.

आई, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं इथे असताना तू अंगणातल्या फरश्यांच्या फटींतलं गवत मिठाच्या पाण्याने मारायला निघालीस तेव्हा आजोबा का धावत आले, ते आता कळलं असेल. फरशीवर तणनाशक मारलं तर कायद्यात 50,000 युरोपर्यंत दंड आहे, आणि घरगुती मीठ-व्हिनेगरही चालत नाही. तेवढ्या पैशांत तुझ्या भिशीचं सगळं मंडळ काशी करून येईल.

आणि बाबा, तुम्ही गुलाबावरच्या माव्यासाठी औषध आणायला गेलात ती गंमत मी अजून सगळ्यांना सांगते. औषधं काचेच्या कपाटात कुलूपबंद. दुकानातल्या मुलीने विचारलं, झाड कोणतं, कीड कोणती, कुंडीत की जमिनीत? आणि एवढं करून सल्ला काय, तर आधी साध्या पाण्याचा जोरात फवारा मारून बघा. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, "आपल्या वायसीएम हॉस्पिटलसमोरचा मेडिकलवाला माणसाच्या औषधाला इतकं विचारत नाही."

खरी मजा पुढेच. आजोबांना सांगितलं, आमचे बाबा पिंपरीच्या एचए (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स) कंपनीत होते, तिथे शेतीसाठी स्ट्रेप्टोसायक्लिन व्हायचं. म्हातारा एकदम खुलला. इथे सफरचंदाची फांदी जाळल्यासारखी काळी करणारा जिवाणूरोग येतो. त्याच्यावर काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यातलंच स्ट्रेप्टोमायसिन मारत, पण प्रत्येक हंगामाला खास परवानगी काढून, मधमाशा पाळणाऱ्यांना आगाऊ कळवून. नंतर त्यांच्या मधाची तपासणी व्हायची. आणि आपल्याकडे? दर दिवाळीला तुमच्या पिशवीतून ती पाकिटं सांगोल्याला जायची, मामाच्या डाळिंबावरच्या तेल्यासाठी. मामा बादलीत पाकीट फोडायचा, काठीने ढवळायचा, नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायचा. परवानगी फक्त मामीची, तीही अंघोळीच्या गरम पाण्यापुरती.

आजोबांनी विचारलं, मग तुमच्याकडे परवाना कोणाला लागतो? मला हसू आवरेना. विकणाऱ्याला लागतो. आता तर दुकानदाराला शेतकीचं किंवा विज्ञानाचं शिक्षण हवं. ते नसेल तर वर्षभराची 'देसी' पदविका, म्हणजे दुकान बंद असेल त्या दिवशी वर्गात. ड्रोनने फवारायचं तर पायलटचं प्रमाणपत्र. म्हणजे औषध विकणारा शिकलेला, आकाशातून मारणारा शिकलेला. पाठीवर पंप घेऊन त्याच ढगात चालणारा गडी तेवढा मोकळा! त्याला कोणी काही विचारत नाही. 2017 साली यवतमाळला कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडले, तेव्हा तेवढी विचारपूस झाली. हे आजोबांना सांगताना मात्र हसू आलं नाही.

तर बाबा, मामाला दोन निरोप द्या. स्ट्रेप्टोसायक्लिन शेतीत वापरायला 1 जानेवारी 2024 पासून बंदी आहे. माणसांचं अँटिबायोटिक बागेत उधळलं की जंतू निर्ढावतात. गोठ्याच्या माळ्यावर जुनी पाकिटं असतील, हे मला पक्कं माहीत आहे. दुसरं, डब्यावरचा त्रिकोण बघत जा म्हणावं. लाल असेल तर सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे वाचायला चष्मासुद्धा लागत नाही, त्यामुळे ती सबब चालणार नाही.

आमच्या चाकणच्या ऑफिसातले एक जण दिवाळीला तिकडे जाऊन येताहेत. त्यांच्याबरोबर मामासाठी फवारणीचा मास्क आणि हातमोजे पाठवते आहे. मास्क लावला की तंबाखू थुंकता येत नाही, म्हणून तो खुंटीवर टांगून ठेवील. तेव्हा पहिल्या फवारणीला मामीला बांधावर उभं करा. जर्मन सरकारला जमत नाही ते तिला जमतं.

येताना त्यांच्याकडे गोडा मसाला द्या. पाकिटावर काय आहे ते ठळक लिही, आई. आजोबांनी मागच्या वेळी त्याचं प्रमाण विचारलं होतं.

तुमची,
धाकटी