कॅप्टन कर्क यांचा सदरा : एक चिकित्सा

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन अंतराळमालिकेचे तिसरे पर्व पहिल्या दोन पर्वांहून हिणकस का, या प्रश्नावर पाश्चात्त्य पंडितांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. कोणी म्हणतो, जीन रॉडनबेरी बाजूला झाले आणि फ्रेड फ्रायबर्गर निर्माते झाले, तिथेच घात झाला. कोणी एनबीसी वाहिनीला धरतो, कारण तिने मालिका शुक्रवारी रात्री दहाला ढकलली. (त्या वेळी वेल्ह्यात दुसरी झोप लागलेली असते.) कोणी आटलेल्या पैशांकडे बोट दाखवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही सारी कारणे दुय्यम होत. मूळ कारण कापड, आणि त्या कापडाचा निवाडा करायला हॉलिवूडपेक्षा पुणे जिल्ह्यातला आमचा भोर-वेल्हे मुलूख अधिक योग्य.

आधी प्रमाणे. मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली, जून १९६९ मध्ये संपली. पर्वे तीन, भाग अनुक्रमे २९, २६ आणि २४. पहिल्या दोन पर्वांत एंटरप्राइझ यानावरच्या मंडळींचे सदरे वेलूरचे, म्हणजे मखमलीच्या जातीचे होते. ते धुलाईला गेले की आटत. तिसऱ्या पर्वात कंटाळून पॉलिएस्टर आणले. भोरच्या बाजारपेठेतल्या कोणाही कापडवाल्याने हा सल्ला पहिल्याच दिवशी, तोही फुकट, दिला असता : साहेब, रोजच्या वापराला मखमल नको, टेरिकॉट न्या. परंतु इथेच विद्वानांची गफलत होते. आटलेल्या वेलूरमध्ये यानाचे कॅप्टन कर्क अंगाने जरा जास्तच भरलेले दिसत, आणि त्यांची निम्मी वीरश्री त्या ताणलेल्या शिवणीत होती. पॉलिएस्टर आटत नाही. त्यात माणूस जेवढा आहे तेवढाच दिसतो. अंतराळवीराला हे परवडणारे नाही.

आता रंग. कर्क यांचा सदरा सोनेरी, असे जग मानते. वस्तुतः तो शेवाळी हिरवा होता. स्टुडिओच्या दिव्यांखाली, फिल्मवर सोनेरी उमटे. वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांचा हिरवा अशा रीतीने जगाने सोनेरी म्हणून स्वीकारला. एनबीसीची मालक आरसीए कंपनी रंगीत टीव्ही विकत असे, तेव्हा पडद्यावर भडक रंग असणे हा निव्वळ कलेचा प्रश्न नव्हता. त्यातून तांबड्या सदऱ्याची ती कुप्रसिद्ध रीत रूढ झाली : परग्रहावर उतरलेल्या चौघांत जो अनोळखी आणि तांबड्या सदऱ्यातला, तो जाहिरातीआधी मेलाच समजा.

या बाबतीत आपल्या मुलखाचे भाग्य थोर. मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुण्याकडे पोचवणारा मनोरा १९७३ साली सिंहगडावर उभा राहिला. राजगडावरून, तोरण्यावरून तो आजही दिसतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ दाखवली तेव्हा एंटरप्राइझ यान याच वाटेने खाली उतरले. देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ पासून होते खरे, पण खेड्यातल्या खोलीत संच बहुधा कृष्णधवलच. त्यावर सगळे सदरे करडे. करड्याच्या दोन-तीन छटा, त्यातली मरणाची कोणती हे कोण सांगणार? अमेरिकन प्रेक्षकाला ज्याचे मरण पहिल्या मिनिटाला कळे, त्याच्यासाठी आपल्याकडे शेवटपर्यंत जीव टांगणीला लागे. वेलूर आणि पॉलिएस्टर हा भेदही अँटेना फिरवून दिसण्यातला नव्हता. तिसऱ्या पर्वात श्रेयनामावलीची पिवळी अक्षरे निळी झाली, तीही आपल्याला लागली नाहीत.

दुसऱ्या पर्वातले बदल (चेकॉव्ह हे नवे पात्र आले, डॉ. मकॉय झालेल्या डिफॉरेस्ट केली यांचे नाव सुरुवातीच्या नामावलीत चढले) कोणाच्याही डोळ्यांना दिसतील असे होते, म्हणून अभ्यासाच्या दृष्टीने ते क्षुल्लक.

तिसऱ्या पर्वातल्या एका भागापाशी मात्र थांबावे लागते. ‘स्पेक्टर ऑफ द गन’मध्ये पैसे वाचवायला गावातल्या घरांच्या नुसत्या दर्शनी भिंती उभ्या केल्या आणि वर लाल आकाश सोडून दिले. मागे घर नाही, हे कथेतच खपवले. भोरच्या पंतसचिवांचा राजवाडा तेव्हा चांगला चारी भिंतींचा उभा होता, आणि पुढे कित्येक चित्रपटांची शूटिंगे त्याने अंगणात सोसली. परंतु पॅरामाउंटकडून त्या वेळी विचारणा झाली नाही, हे मालिकेचे दुर्दैव. तरी हा अर्धवट गाव तिसऱ्या पर्वातली सर्वांत देखणी गोष्ट आहे, आणि हे मत लेखक भोरचा अभिमान बाजूला ठेवून मांडतो.

निष्कर्ष असा : तिसरे पर्व रंगीत आवृत्तीत पडले, कृष्णधवल आवृत्तीत बऱ्यापैकी तगले. तेव्हा ते बघणाऱ्यांनी संचाचा रंग शून्यावर आणावा. अपवाद एकच, २० सप्टेंबर १९६८ रोजी या पर्वाचा नारळ ज्या भागाने फुटला तो ‘स्पॉक्स ब्रेन’. त्यात यानावरच्या स्पॉकचा मेंदू चोरीला जातो आणि डॉ. मकॉय उरलेला देह रिमोटवर चालवतात. हा भाग करड्यातही वाईटच आहे. तो लागला की संच तोरणा-राजगडाच्या धारेपलीकडे, केळदच्या बाजूला न्यावा आणि धार सिंहगडाच्या आड येते याची खात्री करूनच सुरू करावा.